विसराळूपणा की आजार? स्मृतिभ्रंशाविषयी थोडेसे
लेखक : ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग





या पानावर दर अंकात मी बेणे निवड, सरीतील अंतर, ठिबकमधून खते असे विषय मांडत असतो. या वेळी हुमणीवर लिहायचे ठरले होते आणि तसे काही सभासदांना मी तोंडी कबूलही केले होते. पण गेले वर्षभर एक गोष्ट मनात सलते आहे, ती आधी लिहितो. हुमणी पुढच्या अंकात.

गोष्ट अशी. तीनएक वर्षांपूर्वी आडसाली लागणीच्या नोंदी चालू असताना आमच्या एका गट ऑफिसात एक जुने सभासद आले. नाव सांगत नाही, आपण त्यांना आबा म्हणू. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. एकेकाळी एकरी टनेजमध्ये कारखान्याचे बक्षीस घेतलेला माणूस. आबांनी नोंद दिली, पावती घेतली, गेले. तीन दिवसांनी परत आले. "सायेब, वढ्याकडच्या तुकड्याची नोंद न्हाई झाली माझी." चिटबॉयने रजिस्टर उघडून दाखवले, सही दाखवली. "व्हय की," म्हणाले आणि गेले. पुढच्या सोमवारी तिसऱ्यांदा हजर. त्या दिवशी ऑफिसात ही गर्दी, वरून मिटिंगचा फोन, आणि माझा तोल सुटला. "आबा, एका उसाची तीनदा नोंद करून तीनदा बिल उचलायचा बेत आहे काय?" असे मी चारचौघांत बोललो. बाकावरची मंडळी हसली. आबाही हसले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि निघून गेले.

सोळा महिन्यांनी तोच ऊस तोडणीला आला. टोळी फडात शिरली तर आबा बांधावर आडवे उभे. "माझा ऊस कुणी इकला?" म्हणून कुणाला कोयता लावू देईनात. चिटबॉयने मला बोलावून घेतले. मी पोचलो तोवर त्यांची सूनबाई धावत आली, हाताला धरून "मामा, चला घरी, च्या निवतोय" म्हणत त्यांना घेऊन गेली. मग परत येऊन तिने जे सांगितले ते ऐकून मी बांधावरच बसलो. "तीन वर्सं झाली सायेब. जेवल्यालं ध्यानात ऱ्हात न्हाई. रात्रीची लाईट आली की उठून मोटार चालू कराया निघत्यात. हीर उघडी हाय, म्हणून मी दारात आडवी झोपती. वय झालं म्हणून आम्ही बी गप बसलो." मध्यंतरी एका पतसंस्थेत एकाच महिन्यात तीन कर्जांना आबांचा जामीन म्हणून अंगठा झाला होता, तेही घरात नोटीस आल्यावर कळले. सही करणारा माणूस, आणि अंगठा कसा? सही जमेना म्हणून. तेव्हासुद्धा कोणाच्या मनात शंका आली नाही.

नंतर तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून नाव सांगितले : डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. हिशेब केला तर मी थट्टा केली त्या सोमवारी आबा आजारीच होते. माझा डिप्लोमा शेतीचा, डॉक्टरकीचा नव्हे. तरीपण तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातले समजले तेवढे आपल्यापुढे ठेवतो.

पिवळा ऊस आणि विसरणारा माणूस

ऊस पिवळा पडला म्हणून सभासद आमच्याकडे येतात. पिवळा पडणे हा रोग नव्हे, ते लक्षण. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही म्हणून पिवळा पडला असेल तर हिराकसची फवारणी केली की हिरवा होतो. पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असतील तर चर काढावा लागतो. पण गवताळ वाढ असेल तर त्या बेटाला कुठलेही औषध चालत नाही. (पुढे आपण ते बेट उपटून टाकतो. माणसाच्या बाबतीत ही तुलना इथेच सोडू.)

स्मृतिभ्रंशाचे तसेच आहे. स्मरण, हिशेब, भाषा, दिशेचे भान, बरे-वाईट ठरवण्याची शक्ती ही एकेक करून इतकी ढासळतात की माणसाचे रोजचे व्यवहार त्याला झेपेनासे होतात. या अवस्थेचे नाव स्मृतिभ्रंश. त्यामागची कारणे अनेक. शंभरातले साठ ते सत्तर रुग्ण अल्झायमर या रोगाचे असतात. त्यानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा प्रकार येतो. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षे बेतालपणे वाढलेली असली की तो संभवतो. पुष्कळांना दोन्ही एकदम असतात.

आणि काही प्रकार हिराकसने बरे होणाऱ्या पिवळेपणासारखे असतात, हे फार महत्त्वाचे आहे. थायरॉईडचा बिघाड, बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, काही औषधांचा परिणाम, किंवा पडून डोक्याला मार लागल्यावर कवटीच्या आत हळूहळू साठत गेलेले रक्त यांनीही म्हातारा माणूस विसरू लागतो, बरळू लागतो. वेळेत तपासले तर यातले बरेच सुधारते. "आता या वयात कशाला दवाखाना" असे म्हणून आपण घरी ठेवतो तेव्हा हीही माणसे त्यात वाया जातात.

अल्झायमर हे नाव एका जर्मन डॉक्टराचे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात त्यांच्याकडे पन्नाशीची एक बाई आली. तिला स्वतःचे नाव धड सांगता येत नव्हते, नवऱ्यावर संशय घेई. १९०६ मध्ये ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यात पेशींच्या बाहेर साचलेल्या गुठळ्या आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. मर रोगाचा ऊस वरून बराच काळ बरा दिसतो आणि उभा फोडला म्हणजे आतून लालसर, पोकळ निघतो, तसा हा प्रकार. आज असे मानले जाते की मेंदूत हा बिघाड वरची लक्षणे दिसायच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून चालू झालेला असतो. म्हणजे सत्तरीत दिसणाऱ्या आजाराची सुरुवात पन्नाशीत, ऐन कर्तेपणात झालेली असते.

आठवण जाते ती ताजी आधी. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण १९७२ च्या दुष्काळात खडी कुठे फोडली ते बैजवार सांगतात. घरचे म्हणतात, "म्हाताऱ्याला सगळं आठवतंय, मुद्दाम सोंग करतोय." हे सोंग नव्हे, आजाराची चालच अशी आहे.

"साठी बुद्धी नाठी" ही आपली म्हण. ती खरी असती तर साठीच्या वरचे सगळेच विसरते झाले असते. तसे आहे का, हे मोजूनच पाहावे लागते, आणि या मोजणीची हकिगत आपल्या धंद्यातल्या माणसाला ऐकण्यासारखी आहे.

उभ्या पिकाचा अंदाज

हंगामाआधी आम्ही कार्यक्षेत्रातील उसाचा अंदाज काढतो. ऑफिसात बसून नोंदीला सरासरीने गुणले तर एक आकडा येतो. फडात आत शिरून बेटे मोजली, उसाची उंची-जाडी पाहिली तर दुसराच येतो. बांधावरून सगळेच फड सारखे दिसतात.

जगात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण किती, याची मोजणी पुष्कळ वर्षे बांधावरूनच झाली. त्यातही इंग्लंड-अमेरिकेचे बांध. १९९८ साली आपल्या कोची शहरात या विषयाचे अभ्यासक जमले होते. तिथे हिशेब मांडला गेला की जगातील या आजाराची शंभरातली सहासष्ट माणसे गरीब आणि विकसनशील देशांत राहतात, पण लोकांमध्ये जाऊन केलेल्या संशोधनापैकी या देशांच्या वाट्याला शंभरात दहासुद्धा येत नाही. त्यावरून तिथे स्थापन झालेल्या संशोधक गटाने स्वतःचे नावच 'दहा-सहासष्ट' ठेवले. नाव ठेवण्याची ही तऱ्हा मला आवडली. रोज हाक मारताना उणीव आठवत राहते.

तोपर्यंत आपल्याकडे काहीच झाले नव्हते असे मात्र नाही. हरयाणातील बल्लभगड भागात अठ्ठावीस खेड्यांतून पंचावन्न वर्षांवरील ५,१२६ माणसांची घरोघर जाऊन तपासणी झाली होती. पहिली अडचण आली ती प्रश्नांची. अमेरिकेत १९७५ साली तयार झालेली एक छोटी परीक्षा जगभर वापरतात. तीत आजची तारीख विचारतात, एक वाक्य लिहायला सांगतात, एका इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने म्हणायला लावतात. बल्लभगडच्या या माणसांत शंभरातले त्र्याहत्तर निरक्षर! त्यांना ही परीक्षा घातली तर सगळा गावच स्मृतिभ्रष्ट ठरायचा. मग संशोधकांनी ती हिंदीत नव्याने बांधली. शब्दाऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. 'वाचा आणि तसे करा' याऐवजी 'माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसेच करा' असे सांगून डोळे मिटून दाखवले. वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा' असे विचारले. अशा साध्या गोष्टी सुचायला माणसाने खेड्यात पाय घालावा लागतो.

निष्कर्ष असा आला की पासष्टच्या वरच्या शंभर माणसांत दीडसुद्धा रुग्ण नाही, नेमके सांगायचे तर १.३६ टक्के. अमेरिकेच्या मानाने हे फारच कमी. पुष्कळांनी आनंद मानला की आपली एकत्र कुटुंबे, साधे जेवण, शेतातले कष्ट यांनी आपल्याला वाचवले. त्यात काही तथ्य असेलही. पण दुसरेही एक कारण होते, ते दहा वर्षांनी उघड झाले.

'दहा-सहासष्ट' गटाने भारत, चीन, क्यूबा, मेक्सिको, पेरू, व्हेनेझुएला आणि डॉमिनिकन रिपब्लिक अशा सात देशांत पासष्टच्या वरच्या सुमारे पंधरा हजार माणसांची पाहणी केली. भारतात चेन्नई शहर आणि वेल्लोरकडची खेडी घेतली होती. २००८ साली निकाल छापून आला. अमेरिकन डॉक्टरांच्या रूढ व्याख्येने मोजले तर भारतातील खेड्यांत रुग्ण फक्त ०.३ टक्के निघाले, आणि क्यूबात ६.३ टक्के. हजारी तीन विरुद्ध हजारी त्रेसष्ट! एकाच रोगात एवढी तफावत कशी? मग याच गटाने, अशिक्षितपणाची सूट देऊन तयार केलेल्या आपल्या पद्धतीने तीच माणसे मोजली. तेव्हा सगळ्या ठिकाणचे आकडे वर आले आणि जवळजवळही आले, कुठेही ५.६ टक्क्यांहून कमी नाही.

फरक कुठे पडला? रूढ व्याख्येत एक अट असते. आजारामुळे माणसाच्या रोजच्या कामात अडथळा आला पाहिजे, आणि ते घरच्यांनी सांगितले पाहिजे. आता आपल्या खेड्यातल्या घरी जाऊन विचारा, "तुमच्या आजोबांना कामात काही अडचण येते का?" सून म्हणणार, "छे, त्यांना कसलं काम? बसून असत्यात, दोन येळला जेवत्यात." म्हाताऱ्याकडून कुणी काही अपेक्षाच करत नाही, त्यामुळे त्याला काही जमेनासे झाले हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आपण त्याला मान म्हणून कामातून मोकळे करतो, आणि त्याच मानाच्या आड आजार लपतो. आबांच्या घरी हेच घडले. घरात ते कर्ते नव्हतेच, बाहेरचे व्यवहार मात्र अजून त्यांच्या नावावर होते. म्हणून आजार पहिल्यांदा उघडा पडला तो घरात नव्हे, माझ्या टेबलापुढे. आणि तो मला ओळखता आला नाही.

आता आपल्या देशाचा ताजा आकडा. देशभरातल्या साठ वर्षांवरील चार हजारांहून अधिक माणसांच्या सविस्तर तपासणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे साठीच्या वरच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. ज्या गावात साठीच्या वरची दोनशे माणसे आहेत तिथे चौदा-पंधरा रुग्ण असावेत असा याचा अर्थ. आपल्या गावातली अशी किती नावे तुम्हांला सांगता येतील? मला माझ्या गावातली तीन आठवली. बाकीची बांधाच्या आत आहेत.

हाच आकडा उलटा वाचला तर म्हणीचाही निकाल लागतो. साठीच्या वरच्या शंभरांतल्या ब्याण्णव जणांची बुद्धी नाठी नाही. म्हणजे विसरणे हे वयाचे देणे नव्हे, तो आजार आहे.

जगाचा पसारा थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख रुग्ण होते, त्यांतले शंभरात साठाहून अधिक आपल्यासारख्या देशांत. दरवर्षी सुमारे एक कोटी नवे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २०५० पर्यंत हा आकडा १५ कोटींच्या पुढे जाईल. कारण सरळ आहे, माणसे जास्त जगू लागली आहेत.

न लिहिलेली मजुरी

उसाचा उत्पादन खर्च काढताना पूर्वी आपण घरच्या माणसांची मजुरी धरत नव्हतो. आता कृषिमूल्य आयोगसुद्धा ती धरतो. या आजाराच्या खर्चाचा हिशेब तसाच मांडला गेला आहे. २०१९ साली जगाला स्मृतिभ्रंशाचा भार १ लाख ३० हजार कोटी डॉलर इतका पडला, आणि त्यातला निम्मा औषधपाण्याचा नव्हेच, तो घरच्या माणसांनी विनामोबदला केलेल्या सेवेचा. सांभाळणाऱ्या माणसाचे सरासरी पाच तास रोज यात जातात. या सेवेच्या तासांतले शंभरात सत्तर तास बायकांचे. हे जगाचे झाले. दारात आडवी झोपणारी ती सूनबाई यातल्या कुठल्या रकान्यात बसते ते आता सांगायला नको. तिच्या झोपेची, तिने सोडलेल्या बचत गटाच्या कामाची, आणि वर "सुनेने नीट बघितलं नाही म्हणून म्हाताऱ्याचं असं झालं" या बोलण्याची किंमत कुठे लिहिली जाते?

हे शेवटचे बोलणे मी पदरचे घातलेले नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या एका अभ्यासातही हेच दिसले. लोकांना लक्षणे नीट ओळखू येत होती, पण ती कोणी म्हातारपणावर ढकलत, तर कोणी घरच्यांच्या हेळसांडीवर. आजार असे कोणी म्हणत नव्हते.

याच गोव्यात पुढे एक चांगला प्रयोग झाला. तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत रुग्ण असलेली ८१ कुटुंबे निवडली. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी सहा महिने स्थानिक, साधारण शिक्षणाच्या, थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या बायामाणसांनी नियमाने जायचे. काम काय? आजार म्हणजे काय ते समजावणे, रुग्ण चिडला, भटकला, रात्री जागला तर कसे वागावे ते सांगणे, घरातल्या इतरांनाही कामात ओढणे, लागेल तिथे डॉक्टर गाठून देणे. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या घरांतल्या सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण दुसऱ्या गटाच्या मानाने स्पष्टपणे उतरला. रुग्ण बरा झाला नाही, पण घर टिकले. यंत्र नाही, महागडे औषध नाही. आमच्या चिटबॉयच्या फेरीसारखी फेरी, एवढेच. आशाताईंकडून असे काम गावोगाव करून घेता येईल असे माझे मत आहे, अर्थात त्यांच्या डोक्यावर आधीच किती ओझे आहे याची मला कल्पना आहे.

टाळता येते का?

अंशतः येते, आणि हे पोकळ आश्वासन नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या सुमारास एक मोठी पाहणी झाली होती. तिच्या दराने २०११ साली ब्रिटनमध्ये ८ लाख ८४ हजार रुग्ण असायला हवे होते. प्रत्यक्ष त्याच भागांत, त्याच पद्धतीने पुन्हा मोजले तर ६ लाख ७० हजार भरले. पासष्टच्या वरच्यांतले प्रमाण ८.३ वरून ६.५ टक्क्यांवर आले. आजार टाळणारे औषध तर या काळात निघाले नव्हते. शिक्षण वाढले, आणि रक्तदाब-हृदयविकार सांभाळला गेला, त्याचे हे फळ असावे असे अभ्यासक मानतात.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली अशी चौदा कारणे सांगितली, की ती सगळी दूर करता आली तर जगातील ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल. हा हिशेब समाजाचा आहे, एकट्या माणसाला त्यात हमी नाही. सगळे पथ्य पाळणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. म्हणून कोणाच्या आजारात त्याचा दोष शोधत बसू नये.

चौदांतली आपल्याला लागू पडणारी बरीच आहेत. रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट, दारू, लठ्ठपणा, अंगमेहनत बंद होणे. चाळिशी-पन्नाशीतले बागायतदार बंधू फडावर मोटारसायकलने जातात आणि बांधावरून बघून परत येतात, त्यांनी हे दोनदा वाचावे. मी स्वतः त्यांतलाच, गेल्या वर्षी माझी साखर वर निघाली. डोक्याला मार हेही एक कारण. हेल्मेटबद्दल मी बोललो की हशा पिकतो, तरी बोलतो. धुराची हवा हे आणखी एक. पाचट जाळू नका, कुजवा, असे मी वीस वर्षे जमिनीसाठी सांगत आलो. आता तेच मेंदूसाठी सांगतो, बघू तरी ऐकता का.

पण दोन कारणांकडे आपले मुळीच लक्ष नसते. एक, कमी ऐकू येणे. ऐकू येईना की माणूस बोलण्यातून बाहेर पडतो, पारावर जाणे सोडतो, आणि मेंदूला चारा मिळेनासा होतो. कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये वर्षे काढलेल्या कामगार बंधूंनी कान तपासून घ्यावेत. कानाचे मशीन लावण्यात कमीपणा नाही, चष्मा लावतोच की आपण. मोतीबिंदूचेही तसेच, न सुधारलेली नजर या यादीत नव्याने आली आहे. दुसरे, लहानपणी शाळा न मिळणे. आज आपल्या सत्तरीच्या आयाबायांत हा आजार जास्त दिसतो, त्यामागे पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्यांना शाळेतून काढले गेले हेही एक कारण धरले जाते. शिकलेला मेंदू शिल्लक बाळगून असतो. अमेरिकेत १९८६ पासून ६७८ जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती नन्सचा, अभ्यास झाला. त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर रोगाच्या भरपूर खुणा सापडल्या, पण त्या शेवटपर्यंत शहाण्यासारख्या वागत होत्या.

औषधांविषयी विचारणा होते. पूर्वीपासूनच्या गोळ्या काही काळ लक्षणे थोडी सावरतात, रोग थांबवत नाहीत. २०२३ पासून अमेरिकेत मान्यता मिळालेली सलाईनमधून द्यायची नवी औषधे अगदी सुरुवातीच्या रुग्णांत घसरण काहीशी मंदावतात. ती फार महाग आहेत आणि मेंदूला सूज, रक्तस्राव यांचा धोका असतो. खात्रीने बरे करतो असे सांगून कोणी काढा, चूर्ण, इंजेक्शन विकायला आले तर पैसे देऊ नका.

व्यवहाराचे दोन शब्द

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करार करतेवेळी जो माणूस त्याचा अर्थ समजून स्वतःचे हित ठरवू शकत नाही, त्याच्याशी केलेला करार टिकत नाही. नुसते आजाराचे नाव लागले म्हणून माणूस अपात्र होत नाही, त्या वेळी समज होती का हा प्रश्न असतो. म्हणून निदान लवकर झाले तर फायदा आहे. समज शाबूत असतानाच शेअर्सचे वारस नामनिर्देशन, बँक खाते, मृत्युपत्र ही कामे आबांसारख्यांनी स्वतःच्या इच्छेने करून ठेवावीत. घरच्यांनी घाईने अंगठे घेत सुटू नये. सांभाळण्याच्या अटीवर जमीन नावावर करून घेतली आणि मग सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडून ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

घरात कोणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, ओळखीच्या वाटेवर चुकले, पैशाच्या हिशेबात अडखळू लागले, विनाकारण संशय घेऊ लागले, तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. शासनाची मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ वर आहे, दोन्ही मोफत. घरी असताना वाद घालू नका. "आत्ताच तर सांगितलं" या वाक्याने काही साधत नाही, फक्त माणूस दुखावतो. विहिरीला जाळी, मोटारीच्या पेटीला कुलूप, औषध फवारणीचे डबे नजरेआड, आणि खिशात नाव-गाव-फोन लिहिलेली चिठ्ठी, एवढे तरी लगेच करा.

आमच्या गट ऑफिसांतही मी सगळ्या चिटबॉयना सांगून ठेवले आहे. एखादे वयस्कर सभासद त्याच कामासाठी पुन्हा आले तर रजिस्टर पुन्हा उघडून दाखवायचे, पाणी द्यायचे, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी फोन करायचा. गेल्या हंगामात अशा दोघांच्या घरी कळवले. त्यांतल्या एकांचा थायरॉईड निघाला, गोळ्या चालू आहेत, आता ते बिलाचा हिशेब माझ्याकडून पै-पैने मागतात.

आबा आता मला ओळखत नाहीत. मध्ये लागणीच्या वेळी त्यांच्या शेतात गेलो होतो. सूनबाईने त्यांना बेण्याच्या ढिगाशी बसवले होते. दोन डोळ्यांची टिपरी हातात घेऊन डोळा बघत होते, किडका निघाला की बाजूला टाकत होते. मी तपासले, एकही चुकले नव्हते. उठताना मला म्हणाले, "सायेब, नोंद घेतली का?" घेतली म्हणालो. पाच मिनिटांनी पुन्हा विचारले, पुन्हा सांगितले.

हुमणीची माहिती पुढील अंकात नक्की देतो. तोवर वळवाचा पहिला पाऊस झाला की बाभूळ-कडुनिंबावरचे भुंगेरे गोळा करायला विसरू नये.